जुलै १९४२ शिकवताना

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. दोन महायुद्धं, फॅसिझम, नाझीवाद, साम्यवाद, साम्राज्यशाही हा भाग दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मुलांच्या चेहऱ्यावर तेच दिसायचं, की हे सगळं कुठल्या तरी लांबच्या देशांचं आहे, परीक्षेपुरतं पाठ करायचं. ते लांबचं नाही. युरोपात ज्या विचारसरण्या रणगाडे घेऊन एकमेकींवर चालून गेल्या, त्यांच्याबद्दलची जवळजवळ प्रत्येक भूमिका नागपूर-वर्ध्याच्या या पट्ट्यात कुणी ना कुणी घेतली होती. इथे ठराव झाले, इथून माणसं तुरुंगात गेली, इथूनच आघाडीवरही गेली. वर्गात शिकवताना, खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांशी बोलताना आणि निवृत्तीनंतर वाचताना जे हाती लागलं ते लिहितो आहे. हा विषय ज्यांना आज शिकवायचा आहे, किंवा ज्यांच्या घरात त्यावरून रोज वाद होतात, त्यांच्या उपयोगी पडावं.

१. महायुद्ध आणि बेचाळीस एकाच फळ्यावर मांडा

पुस्तकात दुसरं महायुद्ध एका धड्यात असतं आणि 'चले जाव' दुसऱ्या. मध्ये कधी सुट्टी येते, कधी चाचणी परीक्षा. मुलांना वाटतं, ही दोन वेगळ्या काळांतली प्रकरणं आहेत. म्हणून मी फळ्यावर १९४२ चे बारा महिने आखायचो आणि दोन्ही धड्यांतल्या तारखा एकाखाली एक लिहून घ्यायचो.

१५ फेब्रुवारी, सिंगापूर पडलं. मार्चमध्ये रंगून गेलं. त्याच महिन्यात ब्रिटिश मंत्री क्रिप्स दिल्लीत आले आणि एप्रिलमध्ये रिकाम्या हाताने परतले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. त्यानंतर चारच दिवसांनी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत दलितांची अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला आलं. त्याच महिन्यात सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीत मोर्चा, गोळीबार आणि रक्तपात. २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी स्टालिनग्राड भाजून काढलं.

एवढं लिहून झालं की मी खडू खाली ठेवायचो. चिमूर आणि स्टालिनग्राड यांच्यात एका आठवड्याचं अंतर आहे, हे मुलांच्या आपसूक लक्षात यायचं. मग प्रश्न यायचे, आणि ते पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा फार चांगले असायचे. एका मुलीने विचारलं होतं की जपान दारात असताना इंग्रजांना जा म्हणायचं, हे बरोबर होतं का? दुसऱ्याने लगेच विचारलं की ज्याने आपल्याला गुलाम ठेवलंय, त्याच्या बाजूने लोकशाहीसाठी लढायचं, हे तरी बरोबर होतं का? त्या काळातल्या मोठमोठ्या माणसांची झोप ज्या प्रश्नाने उडवली, तोच प्रश्न काटोलच्या नववीच्या वर्गात असा आपणहून उभा राहायचा.

२. कोण कुठे उभं होतं, ते नावानिशी सांगा

'भारतीय नेत्यांमध्ये मतभेद होते' या वाक्याने काहीच कळत नाही. नावं घ्यावीत आणि गावंही घ्यावीत.

गांधीजींनी हिटलरला दोन पत्रं लिहिली, एक जुलै १९३९ मध्ये आणि दुसरं डिसेंबर १९४० मध्ये. दोन्हींवर पत्ता वर्ध्याचा. सरकारने ती पोहोचू दिली नाहीत. दुसऱ्या पत्रात त्यांनी नाझीवादाचा धिक्कार केला आणि ब्रिटिश साम्राज्यशाहीलाही त्याच रांगेत बसवलं, फरक फक्त प्रमाणाचा मानला. वर्ध्याजवळच्याच पवनारहून १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निघाले. युद्धाला मदत करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढ्यासाठी ते तुरुंगात गेले.

नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीची भेट घेतली आणि तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था पाहिल्या. त्या पाहून ते प्रभावित झाले, हे त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या हिंदू महासभेने तरुणांना सैन्यात जायला सांगितलं, ते इंग्रजांच्या प्रेमापोटी नाही, हाती शस्त्र यावं म्हणून. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं अधिवेशन जून १९४० मध्ये नागपुरात भरलं. इंग्रज अडचणीत आहेत तोवरच शेवटचा घाव घाला, असा त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांना नाझींचा विजय ही साऱ्या मानवी समतेवरची आपत्ती वाटत होती. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि 'चले जाव'ला त्यांनी विरोध केला.

यातले बरेच जण एकमेकांना ओळखत होते. वर्ध्याहून नागपूर तेव्हाही आगगाडीने काही तासांवर. एकाच राजवटीखाली, त्याच युद्धाच्या बातम्या वाचून ते पूर्णपणे वेगवेगळ्या निष्कर्षांना आले. यातला एक देशभक्त आणि बाकीचे देशद्रोही, असं मांडणारा माणूस मला भेटला की मी त्याला एवढंच म्हणतो, पुन्हा एकदा त्या वर्षाच्या तारखा वाच.

३. १९४५ चं शहाणपण १९४२ ला लावू नका

जुलै १९४२ मध्ये कोण जिंकणार हे कुणालाही माहीत नव्हतं. जर्मन कॉकेशसकडे निघाले होते, जपानी आसामच्या सीमेवर होते. छळछावण्यांची खरी व्याप्ती इथल्या लोकांपर्यंत पोहोचायला अजून तीन वर्षं होती. ज्या माणसाला जे माहीत होतं, तेवढ्यावरच त्याचा निर्णय तोलावा.

४. पक्षाची भूमिका बदलते तेव्हा तारीख पाहा

हे मी कम्युनिस्ट पक्षाच्या बाबतीत शिकलो, पण ते सर्वांना लागू आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन आणि हिटलर यांच्या सरकारांनी करार केला. तेव्हा इथले कम्युनिस्ट म्हणत होते की हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध आहे, त्यात मदत नको. २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला आणि त्या वर्षाअखेर तेच युद्ध 'लोकयुद्ध' झालं. हिंदुस्थानात काही बदललं नव्हतं. इंग्रज तेच होते, तुरुंग तेच होते. बदललं ते मॉस्कोत. माझं मत मी लपवत नाही: ज्या पक्षाची युद्धाविषयीची भूमिका दुसऱ्या देशाच्या राजधानीत ठरते, त्या पक्षाला आपल्या लोकांपुढे उभं राहताना फार मोठी किंमत द्यावी लागते, आणि त्या पक्षाने ती पुढची कित्येक वर्षं दिली. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा हीच जखम पुन्हा उघडली आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला.

पण याच पक्षाच्या लोकांनी नागपूरच्या गिरणी कामगारांत आयुष्यं घातली, हेही तितकंच खरं. कॉम्रेड ए. बी. बर्धन याच शहरात विद्यार्थी चळवळीतून वर आले आणि १९५७ मध्ये इथूनच अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. लोकांनी पक्षाची भूमिका विसरून नव्हे, माणसाचं काम पाहून मत दिलं. धोरण चुकलं म्हणून कार्यकर्त्याची निष्ठा खोटी ठरत नाही, आणि निष्ठा खरी होती म्हणून धोरण बरोबर ठरत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत, वर्गात मी ते वेगळ्या रकान्यांत लिहायचो.

५. ज्याच्या भिंतीवर ताम्रपट नाही, त्याचंही ऐका

दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही आसपासच्या गावांत जायचो आणि महायुद्धाच्या काळातल्या आठवणी टिपून घ्यायचो. स्वातंत्र्यसैनिकांची घरं सापडायला त्रास नसे. भिंतीवर १९७२ चा ताम्रपट, त्याला हार, शेजारी गांधीजींचा फोटो. मुलं नमस्कार करायची आणि ते योग्यच होतं.

एका गावात बौद्ध वस्तीतल्या एका आजोबांनी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, वरची धोतरं, एक स्वेटर बाजूला केला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पदक काढलं. सहा टोकांचा तपकिरी पडलेला तारा, मध्ये राजमुकुट, कडेने इंग्रजी अक्षरं. ते बर्मा स्टार होतं. फितीचा मधला लाल पट्टा उन्हाने गुलाबी झालेला, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि निळ्यात नारिंगी रेघ, एका टोकाला धागे सुटलेले. मुलांनी ते तळहातावर घेऊन पाहिलं. एकाने विचारलं, आजोबा, तुम्ही इंग्रजांसाठी का लढलात?

"बाबासाहेबानं सांगतलं म्हून भरती झालो," ते म्हणाले. "आन् पगार भेटे. घरी काय होतं?"

या दोन वाक्यांमागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि मुलांना तो मला तिथेच, ओट्यावर बसून सांगावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. ज्यांचे वडील सुभेदार होते ते बाबासाहेब हा अन्याय विसरले नाहीत. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार पलटण पुन्हा उभी राहिली. त्या वस्तीतल्या तरुणाला सैन्य म्हणजे साम्राज्याची चाकरी वाटली नाही. सैन्य म्हणजे गणवेश, नियमित पगार, आणि पंगतीत बसून मिळणारं जेवण.

मग आजोबांनी मगाची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशात त्यांच्याकडे पांढरा इनॅमलचा मग होता. सगळे त्यातून पाणी प्यायचे, कुणी कुणाला जात विचारत नव्हतं. युद्ध संपल्यावर तो मग ते घरी घेऊन आले. उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर गेले, तेव्हा तो मग चालला नाही. वरून ओंजळीत पाणी ओतून घ्यावं लागलं. "तिकडं जपान्यासमोर उभा राह्यलो आन् इकडं इहिरीसमोर," एवढंच ते म्हणाले आणि पेटी बंद करायला लागले.

फॅसिझमविरुद्धचं युद्ध लोकशाहीचं युद्ध होतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मग ही लोकशाही विहिरीपर्यंत का आली नाही, हा प्रश्न त्या मुलांनी स्वतः लिहून आणला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा हे आजोबाही गेले होते. दीक्षेनंतर महिनाभराने बाबासाहेब काठमांडूला गेले आणि बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. मार्क्सचं दारिद्र्य नष्ट करण्याचं उद्दिष्ट त्यांनी नाकारलं नाही, त्यासाठी हिंसा आणि हुकूमशाही मात्र नाकारली. मृत्यूच्या काही आठवडे आधी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, त्यांनी विसाव्या शतकाच्या मोठ्या वादात स्वतःची बाजू अशी मांडून ठेवली. ती त्यांनी नागपूरच्या दीक्षेनंतर मांडली, हे आपल्या भागातल्या मुलांना माहीत असलं पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेल्या भारतीयांची संख्या २५ लाखांवर गेली होती आणि सुमारे ८७ हजार मेले. १५ ऑगस्टला झेंड्याखाली त्यांच्या घरच्यांना कुणी खुर्ची देत नाही.

६. आपल्या बाजूच्या हातून सांडलेलं रक्तही सांगा

चिमूर-आष्टी शिकवताना मन भरून येतं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागी झालेली साधी माणसं, निःशस्त्र मोर्चा, गोळीबार. आष्टी तर शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात. पण गोळीबारानंतर चिडलेल्या जमावाने चिमुरात अधिकाऱ्यांना आणि आष्टीत पोलिसांना मारलं, हे काही शिक्षक सांगत नाहीत. मी सांगायचो. आणि त्यानंतर चिमुरात आलेल्या सैनिकांनी बायकांवर जे अत्याचार केले तेही सांगायचो, जरी काही वडीलधारे मुलींच्या वर्गात हा विषय नको म्हणायचे.

सेवाग्रामचे प्रा. भन्साळी या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून आधी दिल्लीत बापूजी अणे यांच्या दारी गेले. अणे आपल्या यवतमाळचे आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात. मग भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. वर्तमानपत्रांवर बंधनं असतानाही ती बातमी देशभर गेली. फाशीच्या शिक्षा झालेल्यांचे गळफास पुढे जन्मठेपेत बदलले. या प्रकरणात अहिंसेचा पराभव आणि अहिंसेची ताकद, दोन्ही एकाच गावात दिसतात. त्यातलं अर्धं सांगणं ही फसवणूक आहे.

७. घासलेटाबद्दल विचारा

पुरुषांना हिटलर, गांधी, सुभाषबाबू विचारावे. बायकांना घासलेट, कापड आणि धान्य विचारावं, म्हणजे युद्ध घरात कसं शिरलं ते कळतं. एका आजीने सांगितलं, "हिटलर कोन होता हे मले मंग समजलं. पयले घासलेट गेलं." लुगडं मिळेना म्हणून एकाच लुगड्याचे दोन तुकडे करून जावा-जावांनी नेसल्याची आठवण मी एकाहून जास्त घरांत ऐकली. इकडे निदान ज्वारी होती. बंगालात १९४३ मध्ये सुमारे तीस लाख माणसं उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली, आणि तिथे एकही लढाई झालेली नव्हती.

८. सीमा ओलांडून गेलेल्या डॉक्टरांची नावं पाठ असू द्या

सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यांतले डॉ. अटल त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध काम करून आले होते. डॉ. मो. रा. चोळकर नागपूरचे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच राहिले, १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. १९६२ नंतर चीनचं नाव काढणं अवघड झालं तेव्हाही मी कोटणीस शिकवले. जखमी माणसाच्या पोटातली गोळी काढणाऱ्याच्या विचारसरणीशी मी सहमत नसेन, त्याच्या हातांचं ऋण मात्र मी मानतो. कोटणीसांचं नाव सिनेमामुळे घरोघरी गेलं. चोळकरांचं नाव नागपुरातल्या मुलांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

९. वादात मुलाला समोरच्याची बाजू द्या

माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी वेगवेगळे फोटो होते. कुणाकडे गांधी-नेहरू, कुणाकडे बुद्ध-बाबासाहेब, कुणाकडे डॉ. हेडगेवार आणि गोळवलकर गुरुजी, एखाद्या घरी मार्क्स-लेनिन. वादविवाद घेताना मी प्रत्येकाला घरच्या विरुद्ध बाजू द्यायचो. ज्याच्या घरचे संघाच्या शाखेत, त्याने 'चले जाव' मांडायचं. ज्याचे आजोबा बेचाळीसमध्ये तुरुंगात होते, त्याने बाबासाहेबांची भूमिका मांडायची. तयारीसाठी त्यांना आपापसांत पुस्तकं मागावी लागायची, एकमेकांच्या घरी जावं लागायचं. काही पालक रागावून शाळेत आले. त्यांना मी बसवून घेतलं आणि मुलांचे मुद्दे वाचायला दिले. बहुतेकजण वाचून शांत झाले. एकजण शेवटपर्यंत झाला नाही आणि मुलाची तुकडी बदलून घेऊन गेला.

वर्गात एकमेकांवर 'तुम्ही इंग्रजांचे', 'तुम्ही रशियाचे' असे शब्द फेकू देऊ नयेत. तेच शब्द पुढे दंगलीत ऐकू येतात.

१०. कागद वाचवा

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्यातले फार थोडे आता उरले आहेत. पण पेट्या अजून आहेत. काटोल, नरखेड, आष्टी, वरुड या पट्ट्यात ज्यांच्या घरी १९३९ ते १९४७ या काळातलं काही असेल, तुरुंगाचा दाखला, लष्कराचं डिस्चार्ज बुक, पदक, जप्तीची नोटीस, युद्धकर्जाची पावती, आघाडीवरून आलेलं पोस्टकार्ड, त्यांनी ते रद्दीत देऊ नये. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, त्याच्या छापील प्रतीमागे माणसाचं नाव, गाव आणि वर्ष लिहावं, आणि एक प्रत जवळच्या शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात द्यावी. कोणत्या बाजूचा कागद आहे, ते पाहू नये. पावसाळ्यात पेट्यांना ओल लागते, म्हणून हे काम जूनच्या आधी करावं.